रस्ता झाला, मग गाडी का येत नाही?

प्रश्न असा आला आहे. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला गाव. विचारणाऱ्या ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. गावाला डांबरी रस्ता होऊन दोन पावसाळे गेले. एसटीची एकच फेरी येते, तीही सकाळी साडेदहाला. शहाद्याला अकरावी-बारावीला जाणाऱ्या मुलींना तिचा उपयोग नाही आणि संध्याकाळी परतायला काहीच नाही. वरच्या पाड्यांवरचा आजारी माणूस अजूनही झोळीतच खाली येतो. "रस्ता मागितला, तो मिळाला. आता काय मागायचं आणि कोणाकडे?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, माझी सगळी नोकरी एसटीच्या वाहतूक शाखेत गेली. निवृत्तीनंतर धुळे-नंदुरबारकडच्या गावांना फेऱ्यांचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे हे उत्तर जरा आतल्या बाजूने आहे, आणि लांबलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. रस्ता देणारं खातं वेगळं, गाडी देणारं वेगळं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता झाला की तिथल्या कागदावर तुमचं गाव 'जोडलं गेलं'. एसटीच्या आगाराला ते कोणी कळवत नाही. कॉलेजची वेळ प्राचार्य ठरवतात, जीपचा परवाना आरटीओ देतो, दवाखान्याची गाडी आरोग्य खात्याची. मुलगी सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी परतते की नाही, हे बघणं यातल्या एकाचंही काम नाही. म्हणून अर्जात "आमच्या गावाला दळणवळणाची सोय करावी" असं लिहू नका. असे अर्ज फायलीत जाऊन बसतात. कोणती गाडी, कुठून कुठे, किती वाजता, कोणासाठी, एवढंच लिहा.

आता फेरी ठरते कशी ते सांगतो, कारण बहुतेक गावांचं गाडं इथेच अडतं. तुम्हाला साडेदहाची फेरी सुटी दिसते. आगारात ती सुटी नसते. एक गाडी, एक चालक, एक वाहक यांची दिवसभराची साखळी असते. तुमच्या गावाला येऊन गेलेली गाडी पुढे कदाचित दोंडाईचा किंवा धुळ्याला जाते आणि तिथून आणखी कुठे. "साडेदहाची गाडी साडेसहाला करा" असं म्हटलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या हलतात, आणि त्या फेऱ्यांवरची गावं तुमच्या विरोधात अर्ज घेऊन येतात. आगार व्यवस्थापक मग मान डोलावतो आणि काही करत नाही. म्हणून आधी शहादा बसस्थानकावर जाऊन वाहतूक नियंत्रकाकडे बसा. तुमच्या बाजूला सकाळी कोणत्या गाड्या येतात आणि कुठून माघारी फिरतात ते बघा. शेजारच्या गावापर्यंत येणारी एखादी गाडी तीन-चार किलोमीटर पुढे वाढवून मागणं हे नवी फेरी मागण्यापेक्षा कितीतरी सोपं. नव्या फेरीला गाडी लागते, माणसं लागतात, आणि दोन्हींचा तुटवडा आहे. मार्च 2020 नंतर कोरोनात फेऱ्या थांबल्या, मग 2021 च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप चालला. त्यानंतर आडवळणाच्या कितीतरी फेऱ्या पूर्वीसारख्या बसल्या नाहीत.

दुसरी गोष्ट भारमानाची. एका फेरीत किती जागा भरल्या त्याचं हे प्रमाण, आणि फेरी जगते-मरते ती यावरच. गंमत अशी की गाडी माणसांनी खच्चून भरलेली असते आणि कागदावर रिकामी दिसू शकते. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे आणि मुलांना मोठी सवलत आहे. पासवाल्यांचे पैसे त्या दिवशीच्या रोख रकमेत दिसत नाहीत. 75 वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट आहे, बायांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. ही सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं, पण तिकीट निघालं असेल तरच. आपल्याकडे आजोबा "माले काय लागत नही, तिकीट कशाले?" म्हणून तसेच बसतात आणि गर्दीत वाहकही सोडून देतो. त्यांना शून्य रकमेचं तिकीट हट्टाने घ्यायला लावा. ते मशीनमधून निघालं की तो माणूस हिशोबात आला. गावात हे समजावून सांगायचं काम तुमच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

पासांचा मुद्दा अर्जात असा वापरा. मुख्याध्यापक आणि प्राचार्य यांच्याकडून शिक्क्यानिशी यादी घ्या: या गावच्या आणि पाड्यांच्या इतक्या मुली, इतकी मुलं, शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळा या. त्यात ज्या मुलींनी दहावीनंतर गाडीअभावी शिक्षण सोडलं त्यांचीही संख्या वेगळी लिहा, नावं नकोत. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत खास मुलींसाठी बस दिल्या गेल्या. निळ्या रंगाच्या त्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. चालवते एसटी, पैसा नियोजन विभागाचा. त्या शाळेच्या वेळेला पळाव्यात हाच त्यांचा हेतू, तेव्हा तुमच्या मार्गावर त्यांतली एखादी वळवता येते का, हे आगाराबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयालाही विचारा. शाळा गावाजवळच असेल तर याच कार्यक्रमात मुलींना सायकलीही मिळतात. पण तुमच्याकडच्या चढाला सायकल पाड्यापर्यंत जात नाही, हे मला ठाऊक आहे.

आता मुक्कामी गाडी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. संध्याकाळी शहाद्याहून निघून गावात येणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे उलट निघणारी गाडी. एका फेऱ्यात दोन्ही कामं होतात: संध्याकाळी मुली घरी, सकाळी कॉलेजला. बाजारकरी, कचेरीत काम असलेला शेतकरी, दवाखान्यातून सोडलेली बाळंतीण, सगळ्यांना ती सोयीची. आगारालाही परवडते, कारण पहाटे रिकामी गाडी गावाकडे पळवावी लागत नाही. तरीही मुक्कामी गाड्या कमी होत गेल्या, आणि त्याचं एक मोठं कारण गावकऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. चालक-वाहकाला रात्री झोपायला जागा नसते. गाडीतच सीटवर आडवं व्हायचं, डास खायचे, पहाटे डबा घेऊन ओढ्याकाठी जायचं. आता वाहकांमध्ये महिलाही आहेत, त्यांना अशा मुक्कामावर पाठवायचं तरी कसं? डिझेल चोरीची धास्ती वेगळीच. मग कर्मचारी त्या ड्युटीला नाखूश, युनियन तक्रार करते, आणि एक दिवस मुक्काम हलतो.

पूर्वी गावच ते सांभाळायचं. कोणाच्या तरी ओसरीवर अंथरूण आणि भाकर-ठेचा ठरलेला असायचा. आज ग्रामपंचायतीला याहून चांगलं करता येतं. शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली, दिवा-पंखा, दोन खाटा, पाणी, कडी लागणारं शौचालय आणि गाडी उभी करायला उजेडाची जागा. एवढं देऊ, असा ग्रामसभेचा ठराव करा, खोलीचा फोटो जोडा आणि मग मुक्कामी गाडी मागा. मी आगारात असताना असा अर्ज आला की तो बाजूला ठेवणं आम्हाला जड जायचं. नकार द्यायला कारणच उरत नसे.

रस्त्याबद्दलही थोडं. ग्रामसडकेचा डांबरी पट्टा 3.75 मीटर रुंद, वाहतूक फारच कमी असेल तर 3 मीटर. समोरून उसाची ट्रॉली आली की एसटीला बाजूला उतरावं लागतं, आणि पावसात वाहून गेलेल्या साइडपट्टीवर चालक चाक घालायला धजत नाही. नवीन मार्गावर गाडी घालण्याआधी आगाराचा माणूस रस्ता बघून जातो. तो वळण बघतो, लोंबणारी वीजतार बघतो, फांद्या बघतो, ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी किती जातं हे विचारतो आणि शेवटी गाडी फिरवायला जागा आहे का ते बघतो. बऱ्याच गावांचा नकार या शेवटच्या मुद्द्यावर येतो. चौकात शेणाचे उकिरडे, ट्रॅक्टर, कोणाचा तरी ओटा; अकरा मीटर लांबीची गाडी फिरणार कशी? बघायला येण्याआधी जागा मोकळी करून ठेवा. साइडपट्टीचा मुरूम मात्र पदरच्या पैशाने टाकू नका. ग्रामसडक योजनेत ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल असते. रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि देखभालीच्या तारखा असतात. फलकाचा फोटो काढा आणि 'मेरी सडक' ॲपवर खड्ड्यासकट तक्रार टाका. तुमचा रस्ता दोनच पावसाळ्यांचा आहे, म्हणजे मुदत अजून चालू आहे.

जीपवाल्यांना शत्रू समजू नका. काळी-पिवळी जीप नसती तर अक्राणी-अक्कलकुव्याचा निम्मा व्यवहार थांबला असता. तिची खोड एकच: भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली की थांबत नाही. बाजाराच्या दिवशी तर आजाऱ्यालाही जागा मिळत नाही. एसटी मिळेपर्यंत विद्यार्थ्यांच्या पालकांनी एखाद्या परवान्याच्या जीपवाल्याशी महिन्याचा ठराव करावा: ठरलेल्या वेळेला निघायचं, भरो न भरो, आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला. मात्र पिकअपमध्ये माणसं नेणं बंद करा. तुमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड, गुजरातेत ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, सगळे मालवाहू पिकअपमध्ये उभ्याने जातात, आणि चांदसैलीसारख्या घाटात ब्रेक गरम झाले की काय होतं ते दर वर्षी वर्तमानपत्रात येतं. मालवाहू गाडीत नुसतेच बसलेले प्रवासी विम्यात येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. अपघात झाला तर घरच्यांना भरपाई गाडीमालकाकडून वसूल करावी लागते, आणि त्याच्याकडे बहुधा ती गाडीच काय ती मालमत्ता असते.

हे फक्त डोंगरातलंच दुखणं आहे असंही नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेताच्या बांधापर्यंत ट्रक येतो, कारण केळी थांबत नाही. त्याच केळीत घड कापायला जाणाऱ्या मजूर बाया मात्र ॲपेत एकमेकींच्या मांडीवर बसून जातात. पाचोरा-जामनेरची छोट्या रुळाची रेल्वेगाडी मार्च 2020 मध्ये बंद पडली. ती मोठ्या रुळाची होणार आहे, होईल तेव्हा चांगलंच. तोवर तिच्यातून रोज जाणारे दूधवाले आणि विद्यार्थी महागड्या रिक्षांवर आले. असो, तुमच्या प्रश्नाकडे परत येतो.

झोळीचं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पाड्यापर्यंतचा रस्ता, आणि रस्ता होईपर्यंत काय करायचं. दुसरी आधी घेतो, कारण बाळंतपण रस्त्याची वाट बघत नाही. 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे, पण ती गाडीरस्ता संपतो तिथपर्यंतच येणार. फोन घेणारा माणूस लांब बसलेला असतो. त्याला "चिंचेच्या झाडापाशी या" हे कळत नाही. पाड्यांवरच्या लोकांनी आणि आशाताईंनी मिळून भेटायची एकच जागा ठरवावी: शाळा, फाटा, पाण्याची टाकी, जी चालकाला माहीत असेल. कोणत्या टेकडीवर रेंज मिळते हेही पाड्यातल्या चार जणांना माहीत असू द्या. गरोदर बाईला घरून दवाखान्यात, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात आणि परत घरी मोफत नेणं हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिच्या हक्काचं आहे. त्यासाठी 102 आहे. परत आणून सोडण्याचं वाहन पुष्कळ जणी मागतच नाहीत. मग ओली बाळंतीण फाट्यावर उतरून चालत चढते.

आणि पावसाळ्यात ज्यांच्या तारखा आहेत त्यांना आधीच खाली आणा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठी माहेरघर आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाई सोबतीच्या माणसासह तिथे येऊन राहते. तुमच्या केंद्रात ते चालू आहे का, की खोलीत औषधाची खोकी भरली आहेत, हे सदस्य म्हणून स्वतः जाऊन बघा. बाया यायला तयार नसतात, याला घरची जनावरं आणि लहान मुलं ही कारणं खरी आहेत. त्याची सोय भावकीत लागली तरच माहेरघर भरतं. नर्मदाकाठची गावं तर याहून अवघड जागी आहेत. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली आणि तिथल्या काही पाड्यांचा रस्ता म्हणजे पाणीच. धरणाची पातळी चढली-उतरली की बोट लावायची जागा बदलते आणि मध्ये गुडघाभर गाळ राहतो. बोटीतल्या दवाखान्यालाही हा गाळ चुकत नाही.

पाड्याच्या रस्त्याला दोन अडथळे येतात, लोकसंख्या आणि जंगल. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसडकेसाठी 250 लोकवस्तीची अट आहे. तुमचे पाडे टेकडीटेकडीवर विखुरलेले, एकेकात शंभर-सव्वाशे माणसं. जनगणनेत गाव एक म्हणून मोजलं जातं, पाडे वेगळे दिसतच नाहीत. पण जवळच्या वस्त्या एकत्र धरायची सोय नियमात आहे: सपाटीवर 500 मीटरच्या आतल्या, डोंगरात दीड किलोमीटर पायवाटेच्या आतल्या. म्हणून ग्रामपंचायतीने पाडानिहाय घरं, माणसं आणि पायवाटेचं अंतर यांची यादी करून नकाशासह द्यावी. 2024 मध्ये या योजनेच्या चौथ्या टप्प्याला मंजुरी मिळाली आहे आणि नंदुरबार केंद्राच्या मागास, म्हणजे 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीतही आहे, त्यामुळे ही वेळ बरी आहे.

"वनखातं परवानगी देत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. वनहक्क कायदा 2006 मधलं कलम 3(2) वाचून घ्या. शाळा, अंगणवाडी, पाणी, रस्ता अशा 13 सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. अट इतकी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. अर्ज रस्ता करणाऱ्या खात्याने करायचा आणि उपवनसंरक्षकांनी निर्णय द्यायचा. त्यांना मान्य नसेल तर प्रकरण जिल्हास्तरीय समितीकडे जातं, परस्पर बंद होत नाही. हिशोब सांगतो: सहा मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एका हेक्टरात साधारण 1600 मीटर होतो. तुमच्या वरच्या पाड्याचं अंतर यात बसत असेल तर प्रश्न वर्षानुवर्षांचा राहत नाही. ठरावाला गणपूर्ती मात्र पूर्ण हवी, ग्रामसभेच्या निम्म्या लोकांची. त्यासाठी सभा ऊसतोडीची माणसं परतल्यावर घ्या. दिवाळीनंतर घेतलीत तर निम्मं गाव बारडोलीकडे असतं.

आता अर्जाचं. आठ दिवस एक वही थांब्यावर ठेवा. कोणत्या वेळेला किती माणसं उभी होती, किती जीपने गेली, किती परत घरी गेली, हे बारावीच्या एखाद्या मुलीला लिहायला सांगा. त्यात बाजाराचा दिवस आला पाहिजे. हा वहीचा गोषवारा, शाळेची यादी, मुक्कामाच्या खोलीचा ठराव आणि फोटो, असा अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या. प्रत धुळ्याला विभाग नियंत्रकांना, कारण नंदुरबार जिल्ह्यातली आगारं धुळे विभागात येतात. दोन्हीकडची पोच घ्या. आमदारांचं पत्र जोडायचं तर जोडा, पण वहीच्या वर ठेवू नका.

वेळ निवडताना लक्षात ठेवा, जूनमध्ये शाळा उघडताना वेळापत्रक हलतं. तुमचा अर्ज एप्रिलअखेर पोचला पाहिजे. जुलैत दिलात तर "गाड्या लागल्या आता" हेच ऐकाल. गाडी सुरू झाली तरी आषाढीला पंढरपूर, दिवाळीची जादा वाहतूक, मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा आणि निवडणुका, या वेळी पहिली कुऱ्हाड आडवळणाच्या गावांच्या फेऱ्यांवर पडते. म्हणून मूळ अर्जातच लिहा की शाळा-कॉलेज चालू असताना ही फेरी जादा वाहतुकीसाठी काढू नये. गाडी आली नाही त्या प्रत्येक दिवसाची तारीख आणि सांगितलेलं कारण त्याच वहीत टाका. तीन महिन्यांची अशी पानं घेऊन विभागात गेलात तर समोरचा माणूस बसायला खुर्ची देतो.

वेळ कोणती मागायची हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. कॉलेज साडेसातचं असेल तर गावातून सहाची मागा, सव्वासहाची नको. म्हसावदला गाडी भरते, तिथे दहा मिनिटं जातात, आणि पुढच्या थांब्यांवर उभ्या मुलींना घ्यायचं की नाही हे वाहकाच्या मनावर राहतं. संध्याकाळी शहाद्याहून साडेपाचची. सहाची मागितलीत तर हिवाळ्यात वरच्या पाड्यांच्या मुलींना अंधारात चढावं लागेल.